तुम्ही विचारलंत म्हणून : चित्र आधी ठरलेले असते का?

प्रदर्शनात माझ्या अमूर्त चित्रांसमोर थांबलेले प्रेक्षक थोडा वेळ बघून झाल्यावर जवळ येतात आणि बहुतेक वेळा हेच विचारतात : ‘हे सगळे तुमच्या डोक्यात आधीच होते, की रंग लावता लावता होत गेले?’ प्रश्न अगदी रास्त आहे. चित्र डोक्यात आधी नसते, पण ते आपोआपही होत नाही. कॅनव्हाससमोर निर्णय मीच घेत असते. मात्र त्यांपैकी पुष्कळ निर्णयांची कारणे मला त्या क्षणी सांगता येत नाहीत.

अबोध मन चित्रकाराला प्रतिमा पुरवते, अशी एक समजूत आहे. माझा अनुभव असा की, ते पुरवण्यापेक्षा नाकारण्याचेच काम अधिक करते. अलीकडच्या एका कॅनव्हासवर मातकट पिवळ्याचा पातळ थर वाळल्यावर मी त्यावर रोलरने गडद निळा फिरवला आणि तो ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा दाबून उचलला. कागदाने निळा टिपून घेतला, तिथे खालचा पिवळा धुरकट होऊन वर आला. हे जमले होते. उजव्या कडेला ओढलेली बारीक लाल पट्टी तर मला फारच आवडत होती. तरीही पुढे हात चालेना. रचनेचे सगळे ठोकताळे लावून पाहिले, तरी खटकावे असे काही सापडेना. मग कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. काही दिवसांनी तो वळवला, तेव्हा तैलरंग अजून पुरता सुकलेला नव्हता, आणि काही विचार करण्याआधीच टर्पेंटाइनची चिंधी त्या लाल पट्टीवर फिरली. ती पट्टी नजरेला पिवळ्यात रेंगाळू न देता कडेबाहेर ओढून नेत होती, हे मला मागाहून उमगले.

हा नकार येतो कुठून? वर्षानुवर्षांचे पाहणे आणि गिरवणे तळाशी जाऊन बसते, तिथून, असे मी मानते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कामात ते स्पष्ट दिसते. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतल्यानंतर त्यांनी आरंभी भारतीय लघुचित्रांतील सपाट रंग आणि रेषा आत्मसात केल्या, पुढे युरोपीय चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांतून ते पुष्कळ शिकले, आणि मगच आकृती त्यांच्या कॅनव्हासवरून हळूहळू नाहीशी झाली. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे करत. रंगवण्याआधीचा नुसत्या चिंतनाचा काळ मोठा असे. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवण्या-खरवडण्याच्या पातळ सुरीने) थर चढवण्या-उतरवण्याच्या त्यांच्या पद्धतीत योगायोगाला भरपूर वाव होता, पण कोणता योगायोग राहू द्यायचा हे ठरवणारी नजर इतक्या अभ्यासातून घडलेली होती.

रवींद्रनाथ ठाकुरांचे उदाहरण कुणाला याच्या उलट वाटेल. कवितांच्या वहीत खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांतून विचित्र पक्षी आणि प्राणी आकार घेऊ लागले, आणि चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसतानाही १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मला मात्र त्या खाडाखोडीत आयुष्यभर लयीची साधना केलेला कवीच दिसतो. चित्राचे शिक्षण नव्हते, पण कोणती रेघ कुठे वळावी हे जाणणारा कान कधीचा तयार होता.

यात एक धोका आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. सवय हुबेहूब अंतःप्रेरणेच्या वेषात येते. हात सराईत झाला की सुंदर पोत आपसूक उमटतो, बघणारे दाद देतात, आणि चित्रकाराला वाटते की हे आतून आले. दोन्हींतला फरक मी एकाच खुणेवरून ओळखते : सवयीचे सुचणे लगेच सुखावते, तर खरे सुचणे बहुधा आवडत्या भागावरच घाव घालायला सांगते. म्हणून एखादा रंग विचार न करताच हातात येऊ लागला, की मी त्याची ट्यूब कपाटात ठेवून देते आणि पुढची काही चित्रे त्याच्याविना करते.