दहिया

दिवाळी सरली की आमच्या आंगणात गुलाबाचे दिवस येतात. रात्री गारठा, दिवसा कोवळं ऊन. आणि नेमकं तेव्हाच कोवळ्या पानांवर पीठ सांडल्यागत पांढरं दिसायला लागतं. यंदा मला ती धूळच वाटली. कापसाच्या गाड्या दिवसभर जिनिंगकडे जातात, पांढरं काय उडत नाही! ओल्या फडक्यानं पानं पुसली. चार दिवसांनी पीठ परत. आता कळीच्या देठावरही, आणि पानं द्रोणासारखी वळलेली.

शेजारचे नाना वावरातून येता येता फाटकाशी थांबले. "दहिया पडला ना बाप्पा याच्यावर!"

कपाशीच्या पानांवर दही शिंपडल्यासारखे चट्टे पडतात, तो दहिया. त्याची बुरशी वेगळी. गुलाबावरची ही भुरी. नाना तिथं चुकले, पण पुढचं बरोबर लागलं. "युरिया टाकला अस्सीन."

टाकला होता. कपाशीचा उरलेला, मूठभर. त्यानं जी लुसलुशीत पालवी फुटली, ती म्हणजे भुरीला वाढलेलं ताटच.

बहुतेक बुरशांना पान ओलं लागतं, हिला नाही. रात्रीची दमट हवा पुरते. म्हणून पावसाळाभर झाडांची काळजी करणारा माणूस हिवाळ्यात बेसावध सापडतो. हिचे धागे पानावर वरवरच पसरतात, वरच्या पेशींत तेवढ्या सोंडा खुपसून रस ओढतात. तिथं माझं फडकं काय करणार?

मग कात्री घेतली. मधल्या दाट फांद्या छाटून ऊन-वारा आत येऊ दिला. रोगट पानं खताच्या खड्ड्यात न टाकता चुलीत घातली. एक भाग दूध, नऊ भाग पाणी दर आठवड्याला फवारायचं, असा उपाय ब्राझीलमध्ये 1999 साली काकडीवर्गातल्या वेलांवर सिद्ध झाला होता. तो सांगितला तर आई म्हणाली, "गुलाबाले दूध? अन् चहात काय टाकू?"

राहिलं गंधक. हा उपाय जुनाच: 1845 साली इंग्लंडात मार्गेटला टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलींवर भुरी दिसली, तेव्हा त्यानं गंधक आणि चुनाच वापरला होता. मी पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं आणलं, लिटरला 2 ग्रॅम घातलं आणि ऊन चढायच्या आत पानांच्या दोन्ही बाजूंनी मारलं. होळीनंतर मात्र आमच्याकडे गंधकाचं नाव काढू नये. पारा बत्तिशी ओलांडला की पानंच करपतात.

पंपात थोडं उरलं, म्हणून परसातल्या बोरीकडे वळलो. तिच्याही पानांखाली पांढरं होतं. गुलाबाची भुरी बोरीवर जात नाही, हिची जात निराळी. पान उलटलं तर त्यावर लिंबाच्या रंगाचा, मसुराएवढा ढालकिडा. मान खाली घालून तो ते पांढरं चरत होता. तो गेला तिथं मागं हिरवं पान उघडं पडत होतं, अंगण झाडत गेल्यासारखं.

"बोराले राहू दे," नाना कुंपणापलीकडून म्हणाले.

पंप खाली ठेवला.