सुट्टी किती दिवसांची?

"पप्पा, ह्या वेळची सुट्टी किती दिवसांची?"

सोलापुरात, सात रस्त्याच्या सिग्नलला, स्कूटरवर पुढं उभ्या असलेल्या पोरीनं मान वळवून विचारलं. तिसरीत आहे. म्हटलं, "अगं, सुट्टी नाही, रिटायर झालोय."

"हं." एवढंच. पटलं नव्हतं.

शेजारच्या रिक्षावाल्यानं मात्र मला निरखून बघितलं. 37 व्या वर्षी रिटायर! फौजेत जवानाला 15 वर्षांवर पेन्शन बसते, मी 17 करून आलो, हे सिग्नल सुटेपर्यंत कुणाकुणाला सांगायचं?

घरी येऊन काळी पेटी उघडायला गेलो तर किल्ली गायब. तासभर शोधली. बायको शेंगाचटणी कुटत होती, मान वर न करता म्हणाली, "तिच्या जुन्या कंपासपेटीत बघा की."

होती. खोडरबराखाली, वहीच्या कागदात गुंडाळून.

दर सुट्टीच्या शेवटी मी पेटीला कुलूप घालायचो आणि रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायचो. किल्ली नाही तर कुलूप नाही, कुलूप नाही तर गाडी नाही. हिशोब पक्का आहे पोरीचा.

चार महिने झाले. अजून पहाटे पाचला जाग येते. कंबर तलावापर्यंत चालून आलो तरी साडेसहाच वाजलेले असतात. डबा भरायला गेलो तर बायको म्हणते, "राहू द्या हो, मी करते." तिचं सगळं माझ्यावाचून नीट बसलंय. 17 वर्षं बसवलंय तिनं.

किल्ली होती तशी गुंडाळून परत ठेवली.

पेटी रिकामी करून माळ्यावर टाकावी म्हणतोय, पोरीसमोरच. की तिलाच करू द्यावी रिकामी?