वरच्या वाफ्याची माती

रविवार, रात्र

काल रात्री वरच्या वाफ्याचा बांध फुटला. मी बेळगावहून शेवटच्या बसने घरी पोचले तेव्हा पाऊस कोसळतच होता, पण आषाढात खानापूरकडे तो कोसळतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पहाटे बाबांच्या मागोमाग खोळ घेऊन शिवारात गेले तर बांधाला दोन हात भगदाड, आणि खालच्या वाफ्यातला भाताचा तरवा तांबड्या गाळाखाली गेलेला. नट्टी, म्हणजे भाताची लावणी, चार दिवसांवर आली होती. बाबा काही बोलले नाहीत. कुदळ आणायला परत वळले.

ते येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि गाळ बघत बसले. भगदाडाच्या तोंडाशी मोठे धोंडे पडले होते. पाच-सहा पावलांवर खडी, त्याच्यापुढे रेती आणि वाफ्याच्या पार टोकाला लोण्यासारखा मऊ चिखल. कुणी चाळणी घेऊन रात्रभर बसलं असावं असं वाटत होतं. पाणी भगदाडातून जोरात सुटलं, वाफ्यात पसरलं, मंदावलं. जोर कमी होईल तसं ज्याचं वजन जास्त ते आधी खाली टाकत गेलं. शाळेत नदीचं निक्षेपण पाठ केलं होतं, पण ते आपल्या दोन गुंठ्यांत एका रात्रीत पुरं होतं हे आज दिसलं.

वरच्या वाफ्यात आणखी एक गोष्ट दिसली. उघड्या जागेवर बोटभर उंचीचे मातीचे खांब उभे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक खडा. खड्याने थेंब अंगावर झेलले, म्हणून त्याच्याखालची माती शाबूत राहिली. आजूबाजूची बोटभर माती गेली. म्हणजे धूप ओढ्यात सुरू होत नाही. पहिला थेंब उघड्या मातीवर आपटतो तिथेच ती सुरू होते; पुढचं वाहून न्यायचं काम तेवढं ओढ्याचं.

दुपारपर्यंत बांध घातला. दगड मी दिले, रचले बाबांनी. पाणी पिताना म्हणाले, "चालली बघ आपली माती यल्लम्माला." दरवर्षी म्हणतात, आणि हसण्यावारी म्हणत नाहीत. आमचा ओहोळ मलप्रभेला मिळतो, मलप्रभा सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात जाते. रेणुकासागर म्हणतात त्या जलाशयाला. तिथे नदीचा वेग मरतो आणि आमच्या वाफ्यात झालं तेच तिथे मोठ्या प्रमाणावर होतं. खानापूर तालुक्याची माती तळाला बसते. आजोबा बैलगाडीने सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचे. त्यांच्या वावरातली माती त्यांच्या आधी पोचत असेल.

या नदीचा मला लहानपणापासून अचंबा वाटतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ५०-६० किलोमीटर. पण ही पाठ फिरवून पूर्वेला जाते, ३०४ किलोमीटर चालून कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला लागतं. याच तालुक्यात भीमगडच्या रानातून निघालेली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि लवकरच समुद्र गाठते. पश्चिमेचा उतार उभा, म्हणून तिकडच्या ओढ्यांना जोर जास्त. ते डोंगर कापत कापत मागे सरकतात, म्हणजे आमच्या दिशेने. घाटाची कड वर्षागणिक कणाकणाने पूर्वेला येते आहे. कणकुंबीच्या धुक्यात उभं राहिलं की हे खरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि पाणी नुसतं कापत नाही. आमच्या घराच्या भिंती तांबड्या चिऱ्याच्या आहेत. हा जांभा पाण्यानेच केलेला. वर्षानुवर्षं ऊन आणि पाऊस आलटून पालटून खडकात मुरत राहिले, विरघळण्यासारखं होतं ते पाणी घेऊन गेलं, मागे राहिलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. लोखंड गंजलं तो हा रंग. खाणीतून काढताना चिरा त्या मानाने मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. आईला हे सांगितलं तर ती भिंतीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी दादाचा फोन. पलटणीत भरती झाल्यापासून आधी जैसलमेर, आता लडाख. बांधाचं सांगितलं तर गप्प झाला, मग म्हणाला, "इथं तर दगडच फुटतोय गं." दिवसा बर्फ वितळून पाणी खडकाच्या भेगेत शिरतं, रात्री गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि भेगेत फुगायला जागा कुठली? रोज थोडी थोडी भेग रुंदावते आणि एखाद्या रात्री बंदुकीसारखा आवाज येतो. हिमनदीतून निघालेला ओढा दुधासारखा गढूळ असतो, असंही म्हणाला. बर्फात अडकलेले धोंडे तळाचा खडक घासत सरकतात, त्याचं पीठ पाण्यात उतरतं. आमचं पाणी तांबडं, त्याचं पांढरं. दोन्हीकडे डोंगरच वाहतो आहे.

जैसलमेरला वारा होता. तिथल्या लोखंडी खांबांचा रंग खालच्या बाजूला पार घासून गेलेला आणि वर मात्र नवा, हे त्याने मागे सांगितलं होतं. वाळू जड, वारा तिला फार उंच नेऊ शकत नाही. ती जमिनीलगत उड्या मारत जाते आणि तेवढाच भाग खरवडते.

फोन ठेवल्यावर चंद्रपूरकडच्या इरईची आठवण झाली. तिथे खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, आपली भूमी दक्षिण ध्रुवाजवळ होती तेव्हाचे. आज तिथे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. दादाला हे सांगायचं राहिलं.

सोमवार, पहाट

पाऊस थोडा थांबला आहे. पुलावर जाऊन आले. मलप्रभा दोन्ही काठ भरून, विटकरी रंगाची. ओंजळीत पाणी घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं. बोटांच्या फटीतून निसटलं, तळहातावर बारीक तांबडा थर राहिला. कुणाच्या वाफ्याचा कोण जाणे.

बांध टिकलाय. बाबा म्हणतात, यंदा त्याच्यावर वाळा लावू, मुळं माती धरून ठेवतील. तरवा शेजारच्या काकूंकडे मागायला जायचं आहे, मी सात वाजताची बस सोडून दिली.