देवाला सगळं ठाऊक आहे, मग बायांना कशाला सांगता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. रविवारी चर्चमधली उपासना सुटली की कुणीतरी गाठून विचारतंच, "गुरुवारी तुम्ही तिघी दार लावून करता तरी काय?" मी सांगते. मग लगेच दुसरा प्रश्न येतो, "अहो, देवाला सगळं ठाऊक असतं ना? मग आणखी दोन बायांना कशाला सांगायचं?"

आम्ही नगरच्या. (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही.) मी निवृत्त नर्स. दुसऱ्या आहेत त्या शाळेत शिकवायच्या, त्यांना सगळं गाव बाईच म्हणतं. तिसरी वहिनी, शिवणकाम करते आणि बोलताना तोंडातल्या टाचण्या काढत नाही. चहा होतो, बायबलचा एक अध्याय वाचतो, मग प्रत्येकीने गेल्या आठवड्याचा हिशेब द्यायचा. मंडळीतली तरुण पोरं याला अकाउंटेबिलिटी म्हणतात. आमचा शब्द हिशेबच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कपाटात होतं, जुन्या शालीच्या घडीत. आईच्या पाटल्या. जाण्याआधी दोन दिवस आई म्हणाली होती, "एक तुला, एक धाकटीला." तेव्हा खोलीत मी एकटीच होते. मातीनंतर आठवड्याभराने धाकटी म्हणाली, "ताई, पाटल्या दवाखान्याच्या बिलात मोडल्या असतील ना गं?" मी म्हणाले, "हं." एवढंच. खोटं बोलले असं म्हणायलासुद्धा जागा नव्हती.

ते "हं" मी अकरा वर्षं सांभाळलं. या काळात प्रार्थना चुकवली नाही. प्रभुभोजनाच्या आधी डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, माझ्या ज्ञात-अज्ञात पातकांची क्षमा कर." पातक हा शब्द ऐसपैस आहे, त्यात दोन पाटल्या सहज मावून जातात. बोलणारी मी, क्षमा झाली असं ठरवणारीही मीच. देव ऐकत नव्हता असं नाही, मी त्याला मधे बोलायला फट ठेवत नव्हते.

मग एका गुरुवारी बाईंनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. सोळावं वचन सगळ्यांना पाठ असतं: आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. मी ते कितीदा वाचलं असेल. त्या दिवशी "एकमेकांजवळ" या शब्दावर अडले आणि बोलून गेले. बोलून झाल्यावर वाटलं, आता बाई उपदेश करतील. त्या गप्पच. वहिनीने टाचण्या काढल्या आणि विचारलं, "वजन किती?"

"दोन्ही मिळून चार तोळे."

अकरा वर्षांत देवाला मी वजन सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊकच होतं. पण माझ्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, मी काय दाबून बसले होते. दोन तोळे धाकटीचे. तुमच्या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर एवढंच आहे.

पुढच्या गुरुवारी वहिनी म्हणाली, "फोन केलास?" त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. कधी मला सर्दी होती, कधी धाकटीच्या घरी पाहुणे. वहिनी रागावली नाही आणि विसरलीही नाही. सहा गुरुवार.

ही काही आमची शोधून काढलेली रीत नव्हे. तिचा एक जुना किस्सा मला फार आवडतो, कारण तो खरोखरच पैशांच्या हिशेबातून निघाला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला, मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लींच्या लोकांनी सभागृह बांधलं आणि डोक्यावर कर्ज झालं. १७४२ च्या फेब्रुवारीत ते फेडायचं कसं यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना जमणार कसं, असं कुणी म्हणालं, तर तो म्हणाला, त्यांतले अकरा माझ्याकडे द्या, ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. असे गट पडले आणि गटप्रमुख दर आठवड्याला दारोदार पेनी गोळा करू लागले. आणि दारात उभं राहिलं की घर दिसतंच! कुणाचं वागणं ठीक नाही, हे पेनी मागायला गेलेल्यांच्या लक्षात आलं. वेस्लींनी ओळखलं, इतके दिवस आपण शोधत होतो ते हेच. कर्जवसुलीचे गट आत्म्याची विचारपूस करणारे वर्ग झाले. पुढे १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या सभांतून निघालेल्या लोकांच्या अशाच बैठकी घराघरांत भरू लागल्या.

वेस्लींचे त्याहून लहान गटही होते, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. त्यांचे १७३८ चे नियम आहेत. गेल्या भेटीपासून कोणतं पाप केलंस, कोणता मोह आला, त्यातून कशी सुटलीस, असे प्रश्न दर भेटीत. पण गटात घेण्याआधी वेगळंच विचारत: तुझे दोष तुला स्पष्ट सांगितलेले चालतील का? आधी परवानगी, मग प्रश्न. आपल्याकडे नेमकं उलटं. दोष सांगायला सगळे तयार, विचारतो कोण?

आणि इथे तुमच्यातल्या काहींची जी भीती आहे, ती मला मान्य आहे. आपल्या मंडळीत प्रार्थनाविनंतीची बातमी व्हायला फाटकापर्यंतसुद्धा जावं लागत नाही. "त्यांच्या थोरल्यासाठी जरा प्रार्थना करा हं, काही विचारू नका," असं म्हटलं की झालंच. वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीला मी एकदा तोऱ्यात म्हणाले, आम्हाला मधे फादर लागत नाही. ती म्हणाली, "पण आमच्या फादरला कुमसारातलं, म्हणजे पापकबुलीतलं, बाहेर बोलायची बंदी आहे. तुमच्याकडे कुणाला आहे?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही तिघींनी एकच नियम केला: जी हजर नाही, तिच्याविषयी बोलायचं नाही. पाळायला हा सगळ्यात कठीण.

दुसरी भीती अधिकाराची. एका शहरातल्या संगतीत मी पाहिलंय, तिथे तरुणांनी नोकरी कोणती धरायची, लग्न कुणाशी करायचं, हे "आत्मिक बापाला" विचारल्याशिवाय ठरत नसे. त्या बापाला विचारणारं मात्र कुणी नव्हतं. अमेरिकेत फ्लोरिडातून १९७० च्या दशकात अशीच एक चळवळ पसरली होती. तिच्यात किती जण होरपळले, हे पुढे तिच्या एका पुढाऱ्यानेच कबूल करून माफी मागितली. अशा ठिकाणी हिशेब एकाच बाजूने वाहतो, आणि त्याला मी शिष्यत्व म्हणणार नाही. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून माणसं आली तसा तो घाबरून बाजूला झाला. पेत्र म्हणजे मंडळीचा खांब, तरी पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. कोण कुणाच्या पंगतीतून उठतं, याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे बाई वयाने थोरल्या, शिकलेल्या, पण त्यांचा हिशेब आधी होतो.

तर, सातव्या आठवड्यात मी पुण्याची एसटी धरली. फोनवर बोलण्यासारखं नव्हतंच ते. धाकटीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर रुमाल उघडला. तिने पाटली उचलली, तळहातावर थोडा वेळ धरली आणि म्हणाली, "म्हणजे तू 'हं' म्हणालीस, तेव्हा या तुझ्याकडेच होत्या." रडणं नाही, मिठी नाही. जेवायला वाढलं तिने, पण स्वतः जेवली नाही. पुढे आठ महिने तिचा फोन आला नाही. त्या आठ महिन्यांत वहिनीचा प्रश्न बदलला होता: "तिच्यावर रुसलीस का?" रुसले होते. तेही सांगावं लागलं.

हे लिहू का, म्हणून परवा धाकटीला विचारलं. म्हणाली, "लिही. माझं नाव नको. आणि चार तोळे नाही, साडेचार होते. आईने माझ्यासमोर तोलून घेतले होते."

येत्या गुरुवारी हे अर्ध्या तोळ्याचंही सांगायचं आहे. सध्या विचारायची पाळी माझी आहे. तिघींपैकी एकीचं काहीतरी आहे, आणि ती "पुढच्या वेळी सांगते" म्हणून चहा टाकायला उठते. काल तिसरा गुरुवार झाला.