खोताचं घर आणि पाच मण भात

मी मोडी लिपीतले जुने कागद वाचून देतो, बहुतेक वारसाचे नाहीतर कोर्टातले. परवा दापोली तालुक्यात खोताची जमीन कसणाऱ्या एका कुळाच्या घरचा खोती हिशेब वाचायचा होता, वाटेत पालगड लागलं म्हणून साने गुरुजींचं घर बघितलं. आलेली मंडळी श्यामच्या आईच्या आठवणीने डोळे पुसत होती, साहजिकच आहे. पण गुरुजींचे वडील खोत होते, सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या घराण्यातले, आणि त्याच घराची कर्जापायी पडझड झाली हे कुणी बोलतच नव्हतं. मला ते खटकलं ते अजून डोक्यात आहे.

दुपारी त्या कुळाच्या घरी, तात्यांकडे पोचलो तर कागद कुणीतरी लॅमिनेट करून दिलेला! प्लास्टिकच्या चमकेत शाई नीट दिसत नाही आणि आतला कागद परत सुटतही नाही, हे करणाऱ्यांना कागदाची कळकळ असते पण विचारायची सवय नसते. मोडीत ओळभर रेघ आधी ओढतात आणि खाली शब्द न तोडता लिहीत जातात, ते सवयीने सुटतं. छळतात ते आकडे. चारपुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वाचार, दोन म्हणजे साडेचार, आणि घडी नेमकी तिथेच पडलेली. दुसरी रेघ शाईची की घडीची? फरक पाव खंडीचा, वीस मणांची खंडी, म्हणजे पाच मण भात. टॉर्च तिरका धरून बघितलं, मग सगळी कलमं मांडून खालची बेरीज लावली तेव्हा कुठे खात्री झाली, साडेचारच.

तात्या म्हणाले, "दादा, पाच मण म्हणजे आमचं पावसाळ्याचं खाणं हो." अर्धलीचं शेत, निम्मं पीक खोताच्या घरी जायचं.

गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. बाबासाहेबांचं आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यात, म्हणजे खोती त्यांना काही ऐकीव नव्हती. आणि खोताच्या घरातला हा मुलगा १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. एवढं सगळं त्या घराशी जोडलेलं असताना आपण तिथे फक्त रडून परत येतो. खोताच्या घरातलं दुःख पुस्तकात आलं, सगळ्यांनी वाचलं, कुळाच्या घरातलं मात्र अजून ट्रंकांत पडलंय आणि ते वाचणारे आम्ही मोजके.

तात्यांच्या भावकीत अजून कागद आहेत म्हणे. तुमच्याकडे असले तर सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि आधी कुणा मोडी वाचणाऱ्याला दाखवा, लॅमिनेशनच्या दुकानात नेऊ नका.