कोकणात फोटो काढायचेत? आधी तिथी बघा

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ठिकठिकाणी एकच दृश्य दिसतं. अख्खं कुटुंब समुद्राकडे पाठ करून रांगेत उभं, मागे बुडायला आलेला सूर्य आणि समोर मोबाइल धरलेला कुणी जावई. फोटोत सूर्य झकास येतो, माणसं मात्र कोळशासारखी काळी. मग कुणीतरी फ्लॅश लावायला सांगतं आणि आजीच्या चष्म्यात दोन पांढरे ठिपके उमटतात. मला याची दर वेळी चिडचिड होते, कारण उपाय फुकट आहे. सगळ्यांना उलटं फिरवा.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात फोटो काढणाऱ्याने पाण्याच्या बाजूला जायचं आणि माणसांनी सूर्याकडे तोंड करायचं. मागे सुरूचं बन, माड, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. चेहऱ्यावर ते पिवळं ऊन पडलं की मोबाइलसुद्धा चांगला फोटो देतो. डोळे बारीक होत असतील तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हटल्यावर उघडायला लावा आणि त्याच क्षणी काढा. फोटोग्राफर घोट्याभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून उभा असतो, तेव्हा मागच्या लाटेवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमावा. बॅग कुणाच्या तरी खांद्यावर हवी, वाळूत नको.

आता तिथीचं. कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, ते धरून चालायचं. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. पण सुट्टी कधी घ्यायची हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

फरक केवढा पडतो ते प्रत्यक्ष पाहावं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असल्यामुळे ओहोटीही खोल जाते. नेमकी सूर्यास्ताच्या वेळी रुंद, सपाट, ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात आकाशाचा रंग उतरतो. पोरं धावतात तेव्हा त्यांची प्रतिबिंबंही खाली धावतात. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे लहान भरती, फार वर चढत नाही हे खरं, पण भरती असते, ओल्या वाळूचा तो पट्टा मिळत नाही, आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत सगळे पाय ओढत चालताना दिसतात. म्हणून माझ्या मते लाँग वीकेंडपेक्षा चतुर्दशी ते प्रतिपदा हा हिशेब महत्त्वाचा. गर्दीही त्या मानाने कमी लागते, कारण गर्दी तिथी बघून येत नाही.

प्रतिबिंब टिपायचं तर लाट मागे गेल्यावर तीन-चार सेकंदच हातात असतात, नंतर पाणी वाळूत मुरतं. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्सची बाजू खाली येते, आणि वाळूपासून वीतभर उंचीवर आणा. कॅमेऱ्याला पोलरायझर असेल तर इथे काढून ठेवा. ओल्या पृष्ठभागावरची चमक कापणं हेच त्याचं काम, त्यामुळे प्रतिबिंबच पुसट होतं. धावत्या मुलांसाठी शटर १/५००, पाणी उडवत असतील तर १/१०००. दोन रांगांचा ग्रुप असेल तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवा, नाहीतर मागच्या रांगेतले काका धूसर येतात आणि ते वर्षभर ऐकवतात.

पांढऱ्या वाळूत कॅमेरा फसतो आणि फोटो अंधारा काढतो, तिथे एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) +२/३ ने वाढवा. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूवर उलट होतं, तिथे तेवढंच कमी करा.

ओहोटीचा एक धोका सांगायलाच हवा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढतं. फोटोसाठी मुलांना संगमाच्या पाण्यात उतरवू नका, वरून पाणी कितीही शांत दिसलं तरी.

दुपारी बारा ते साडेतीन किनारा सोडा. ऊन डोक्यावरून येतं आणि डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. त्या वेळी घराची पडवी सगळ्यात उत्तम. वरून छप्पर, एका बाजूने मोकळी, आणि समोरच्या खळ्यावरून परतणारा मऊ उजेड. आजी-आजोबांना खांबाला टेकवून, बाहेर बघत बसवा. जांभ्याच्या भिंतीला अगदी खेटून बसवलं तर चेहऱ्यावर लाल झाक येते, हातभर पुढे घ्या. जेवणानंतरचे दोन तास तसेही सुरमई आणि डुलकीतच जातात.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होडीने जावं. १६६४ मध्ये पाया घातलेल्या या किल्ल्याचा दरवाजा मालवण गावाच्या बाजूला आहे, त्यामुळे त्याच्यावर उजेड सकाळीच असतो. किल्ला संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय ड्रोन काढू नका. पावसाळ्यात होड्या बंदच असतात.

कॅमेऱ्याला खरा त्रास वाळूचा नाही, खाऱ्या हवेचा आणि एसीचा. थंड खोलीतून एकदम बाहेर आणला की लेन्सवर बाष्प धरतं आणि पहिली वीस मिनिटं सगळे फोटो दुधाळ येतात. निघण्याआधी कॅमेरा बॅगेत चेन लावून अर्धा तास पडवीत ठेवा. संध्याकाळी परतल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा; कोरड्या फडक्याने पुसलं तर कण घासून काचेला चरे पडतात. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा बाहेरून पुसा. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण ओढून मगच वाळूत रोवा, म्हणजे लॉक वर राहतात. मोबाइलच्या लेन्सवर खारं पाणी कमी आणि तळलेल्या बांगड्याचं तेल जास्त असतं. फोटो धुरकट दिसले तर आधी तेच पुसा.