दोन माग आणि एक मोठा शब्द

नाशिकहून निफाड, विंचूर करत येवल्याला निघाले, तेव्हा पिशवीत आठ महिन्यांच्या कामाचा अहवाल होता. तो काकांना कसा सांगायचा, हे विंचूर मागे पडलं तरी ठरत नव्हतं.

छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करून देणं हे माझं काम. काकांच्या घरी पैठणीचे दोन माग आहेत. एकावर ते बसतात, दुसऱ्यावर त्यांचा मुलगा. फोटो, फोन, व्हॉट्सअ‍ॅप वहिनी सांभाळतात. मी यायच्या आधी एका कंपनीनं 'तीन महिन्यांत पहिल्या पानावर' असं सांगून त्यांच्याकडून पैसे घेतले होते. त्यामुळे काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ताई, गुगलवर 'पैठणी साडी' टाकलं की आपलं नाव वर दिसलं पाहिजे." तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "प्रयत्न करू."

शीर्षकं बदलली, फोटो हलके केले, त्या एका शब्दाभोवती दहा लेख लिहिले. लोक कोणते शब्द किती शोधतात ते जाहिरातदारांना सांगणाऱ्या गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये त्या शब्दाच्या एका रूपापुढे स्पर्धा 'कमी' दिसली आणि मला हुरूप आला. तो रकाना जाहिरातदारांची चढाओढ दाखवतो. जाहिरात न देता वर यायला किती कठीण आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मला माहीत होतं, तरी आशेपोटी मी ते विसरले. त्यापेक्षा तो शब्द गुगलवर टाकून पहिल्या पानावर कोण बसलंय ते बघितलं असतं तरी पुरलं असतं. बडे बाजार, शहराशहरांत दुकानं असलेल्या साडीच्या पेढ्या. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रं आणि इतर साइट दुवे देत आल्या आहेत. ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात त्याचं वजन जास्त, हा विचार 1998 सालापासून गुगलच्या मुळाशी आहे. आज त्यात आणखी कितीतरी गोष्टी मिसळल्या असल्या तरी तो गेलेला नाही. काकांच्या साइटकडे बोट दाखवणाऱ्या साइट दोन होत्या आणि त्यातली एक माझीच.

काका मागावरच होते. आपली साइट कोणत्या शोधात कितव्या स्थानावर दिसते ते दाखवणारं गुगलचं सर्च कन्सोल मी शेजारी बसून उघडलं आणि 'पैठणी साडी'चं सरासरी स्थान दाखवलं. सत्तरच्याही पुढचं. म्हणजे आठव्या पानावर. तिथवर कोण जातं?

काका रागावले नाहीत. हात थांबवून त्यांनी विचारलं, "ताई, समजा पहिला नंबर आला असता. तर साड्या कुठून दिल्या असत्या?"

मुलाच्या मागावर जी साडी होती ती पाडव्यानंतर चढवलेली, आणि आता जून चालू होता. पदरावर बांगडी मोर. प्रत्येक रंगाचा धागा हातानं शेजारच्या धाग्यात अडकवत न्यायचा, म्हणून हातमागाचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. दिवसभरात काही बोटंच काम पुढे सरकतं. हे सगळं मी कितीदा पाहिलं होतं, त्यावर लेखही लिहिला होता. आणि तरी आठ महिने मी अशा गर्दीमागे धावत होते, जिच्यातल्या बहुतेकांना शेकडो साड्या एकत्र बघायच्या असतात, यंत्रमागाची स्वस्त साडीही चालते आणि काकांची किंमत दिसली की ते पान बंद करतात. तो शब्द नुसता अवघड नव्हता. तो शोधणारी माणसं काकांची नव्हती.

वहिनींनी चहा आणला. मला तो घेववेना, म्हणून मी उगाच शोधांची यादी खाली खाली सरकवत राहिले. मग एरवी करत नाही ते केलं: यादी किती वेळा दिसलो यावर न लावता स्थानावर लावली. वर आलं 'पैठणी रफू'. त्याखाली रोमन अक्षरांत 'जुनी पैठणी दुरुस्ती'. मग 'पैठणीचे काठ नवीन साडीला लावणे'. स्थान चौथं, पाचवं, सहावं. शोध मोजकेच, महिन्याला बोटांवर मोजण्याइतके. कीवर्ड प्लॅनरमध्ये ते मला कधी दिसलेच नव्हते. शिवाय फारच विरळ शोध सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही, म्हणजे दिसत होते त्याहून ते जास्तच असणार.

एवढ्या वर आलो कशामुळे? 'आमच्याविषयी' या पानावरच्या एका ओळीमुळे: 'जुन्या पैठण्यांची दुरुस्ती करून मिळेल.' ती वहिनींनी लिहिलेली. अनावश्यक म्हणून मी ती काढायला सांगितली होती. त्यांनी काढली नव्हती.

"फोनही याचेच येतात," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, ते तुमच्या कामाचं नाही." आतून त्यांनी वही आणली. घडीवर चिरली आहे. जरतार काळी पडली. आईच्या पैठणीचं अंग गेलं, काठ चांगले आहेत. माणसांच्याच शब्दांत, तारखेवार. आठ महिने मी जे शोधत होते ते या घरात फोनजवळ पडलेलं होतं.

दुरुस्तीचं पान त्याच दुपारी लिहायला घेतलं. काका मागावरून सांगत होते, मी टिपत होते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "धाग्यात जीव राहिला नसेल तर रफू धरत नाही, हे आधी लिहा." मी म्हटलं, नकार खाली घेऊ या, गिऱ्हाईक बिचकेल. ते म्हणाले, "बिचकू दे. साडी पाठवून परत नेण्यापेक्षा बरं." ते वाक्य सगळ्यात वर आहे.

'पैठणी साडी' हा शब्द मुखपृष्ठावर आहे आणि राहणार, काकांचा धंदाच तो आहे. पण त्याच्यासाठी वेगळा पैसा आता लावत नाही. आधीच्या लेखांचे निम्मे पैसे मी पुढच्या कामात वळते केले.

सप्टेंबरात मी गेले तेव्हा इंदूरच्या एका मराठी बाईंनी पाठवलेली आजीची पैठणी आली होती, मलमलीत गुंडाळून. काकांनी ती उजेडात धरली, अंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, अंग गेलंय, काठ-पदर वाचेल. वहिनींनी फोन लावून तसं कळवलं. पलीकडून त्या बाईंनी काहीतरी विचारलं. वहिनींनी वही ओढून लिहिलं: 'नव्या अंगाला जुनाच रंग मिळेल का?' तो प्रश्न आमच्या पानावर नव्हता.